कार्ड टेस्ट निगेटिव्ह, तरी तळव्यांना मुंग्या

फोंडा तालुक्यातल्या 31 वर्षांच्या एका वाचकाचं पत्र आलं आहे. ओळख पटेल असे तपशील काढून ते थोडक्यात देत आहोत. पाच आठवड्यांपूर्वी मित्रांबरोबर बाहेर असताना एका अनोळखी व्यक्तीशी कंडोमशिवाय त्यांचा संबंध आला. पंधराएक दिवसांनी ताप, घसादुखी, छाती-पाठीवर पुरळ. दिवस पावसाचे, म्हणून डेंगी धरून उपचार झाले. डेंगीची तपासणी निगेटिव्ह आली, प्लेटलेट मात्र थोड्या कमी निघाल्या. विसाव्या दिवशी त्यांनी गुपचूप एका खाजगी लॅबमध्ये एचआयव्हीची कार्ड टेस्ट केली, तीही निगेटिव्ह. ताप गेला, पण गेले दोन आठवडे दोन्ही पायांच्या तळव्यांना मुंग्या येतात, डोकं दुखतं, कामावर आकडे टाइप करताना बोटं अडखळतात, साधी नावं पटकन आठवत नाहीत. फॅमिली डॉक्टर दिवसाआड बी-12चं इंजेक्शन देत आहेत, पण त्या रात्रीबद्दल त्यांना काही सांगितलेलं नाही. लग्न ठरलेलं, सिव्हिल रजिस्ट्रारकडे लग्ननोंदणीची पहिली सही झालेली, दुसरी तीन आठवड्यांवर. ते विचारतात: "टेस्ट निगेटिव्ह आहे आणि मेंदू-नसांचा त्रास एड्सच्या शेवटच्या टप्प्यात होतो असं वाचलंय. म्हणजे हे ते नाही ना? एमआरआय करून घेऊ का? आमच्या आरोग्य केंद्रात ओळखीची माणसं आहेत, म्हणून परत टेस्ट करायची झालीच तर बेळगावला जावं म्हणतो."

सप्रेम नमस्कार,

तुमचा सगळा धीर दोन गोष्टींवर उभा आहे: टेस्ट निगेटिव्ह आली, आणि नसांचा त्रास शेवटी होतो. या दोन्ही गोष्टी वाटतात तितक्या पक्क्या नाहीत. पण त्या डळमळल्या म्हणजे तुम्हाला एचआयव्ही झालाच, असंही होत नाही. पुढे वाचताना ही दुसरी बाजू सुटू देऊ नका.

आधी टेस्ट. बोटाला टोचून किंवा नसेतून रक्त घेऊन जी कार्ड टेस्ट करतात, ती बहुतेक वेळा विषाणू शोधत नाही. विषाणूविरुद्ध शरीराने तयार केलेली अँटिबॉडी शोधते. ती सापडण्याइतकी तयार व्हायला संसर्गानंतर साधारण 23 ते 90 दिवस लागतात. तुमची टेस्ट विसाव्या दिवसाची. त्या निगेटिव्हवरून एवढंच कळतं की त्या रात्रीच्या आधीपासूनचा जुना संसर्ग तुम्हाला नव्हता. त्या रात्रीबद्दल ती टेस्ट काहीच सांगत नाही. लॅबने चूक केली नाही, चुकीच्या दिवशी बरोबर टेस्ट केली गेली. रिपोर्ट हातात देताना कुणी तारीख विचारत नाही आणि आपणही सांगत नाही, म्हणून हा घोळ फार जणांचा होतो.

आता दुसरी गोष्ट. एचआयव्ही मेंदूपर्यंत पोहोचायला वर्षं लागतात, हा समज जुन्या काळातून आला आहे. तेव्हा रुग्ण डॉक्टरांकडे पोहोचायचेच उशिरा: सीडी-4 या प्रतिकारशक्तीच्या पेशी 200 च्या खाली गेलेल्या, मेंदूत टॉक्सोप्लाझ्मा या परजीवीच्या गाठी, बुरशीचा मेनिंजायटिस, स्मृतिभ्रंश. ही सगळी खरोखर उशिराची दुखणी. विषाणू स्वतः मात्र इतका थांबत नाही. रक्तातल्या ज्या पांढऱ्या पेशींना तो पकडतो, त्यांच्यातच बसून तो मेंदूभोवतीचा अडसर ओलांडतो. संसर्गानंतर अवघ्या आठव्या दिवशीही तो पाठीच्या कण्यातल्या पाण्यात सापडलेला आहे. तो चेतापेशींना थेट पोखरत नाही. मेंदूतल्या रक्षक पेशींत शिरतो आणि त्यातून जी दाह-सूज उठते, तिचा त्रास चेतापेशींना होतो. पहिल्या काही आठवड्यांतली लक्षणं बहुतांशी या दाहाची असतात, म्हणूनच त्यांतली बहुतेक परतवता येतात.

थायलंडमध्ये नुकताच संसर्ग झालेल्या 139 जणांची चेतासंस्था बारकाईने तपासून 2016 साली 'न्यूरॉलॉजी' या नियतकालिकात निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्यांतल्या 53 टक्के लोकांत काही ना काही आढळलं. विचार आणि स्मरण मंदावणं, हालचालीतला अडखळेपणा, हातापायांच्या नसांचा त्रास, अशी ही लक्षणं होती आणि ती बहुतेकांत सौम्य होती. गंभीर म्हणावा असा, गियाँ-बारे सिंड्रोमचा (यात शरीराची प्रतिकारशक्तीच नसांवर उलटते आणि ताकद जाऊ लागते), एकच रुग्ण निघाला. उपचार सुरू केल्यावर महिन्याभरात यांतली 90 टक्के लक्षणं गेली. तेव्हा "सुरुवातीला नसांचा त्रास होतच नाही" हे तुमच्या वाचनातलं विधान सोडून द्या.

पण याच आकड्याचा उलटा अर्थ काढण्याचा मोह अनेकांना होतो. हे 139 जण आधीच पक्के पॉझिटिव्ह होते. एचआयव्ही असलेल्यांत मुंग्या किती जणांना, हे त्यातून कळतं. मुंग्या असलेल्यांत एचआयव्ही किती जणांना, हा वेगळा प्रश्न आहे आणि त्याचं उत्तर "फार थोड्यांना" असं आहे. तुमची लक्षणं या आजारात बसतात. तीच लक्षणं इतर डझनभर कारणांतही बसतात. ताप आणि पुरळीचंही तेच: सुरुवातीच्या एचआयव्हीतही प्लेटलेट आणि पांढऱ्या पेशी उतरतात, यकृताचे आकडे वर जातात, त्यामुळे पावसाळ्यात कागदावर तो डेंगीसारखाच दिसतो. तोंडात छाले आले होते का, मानेत-काखेत गाठी लागत होत्या का, हे आठवून पाहा. असल्यास शंका थोडी वाढते, एवढंच. लक्षणांवरून निदान तुम्ही करू शकत नाही, मीही करू शकत नाही, आणि खरं तर कुणीच करू नये.

एरवी बघायची कारणं कोणती? बी-12ची कमतरता, मधुमेह, थायरॉइड, रोजचं मद्य (उर्राक या काजूच्या दारूचा मोसम संपला म्हणून फेणी थांबते असं नाही, आणि डॉक्टरांना "कधीतरी" असं सांगू नका, आकडा सांगा). तापात दिलेल्या गोळ्या: ओफ्लॉक्सासिन, सिप्रोफ्लॉक्सासिन किंवा मेट्रोनिडाझोल यांनी काहींच्या नसांना त्रास होतो, म्हणून तापाच्या वेळची चिठ्ठी शोधून ठेवा. अंगावर कुठे बधिर, फिकट चट्टा आहे का तेही पाहा. कुष्ठरोग आपल्याकडून हद्दपार झालेला नाही. आणि धास्ती: घाबरलेला माणूस नकळत भरभर श्वास घेतो, त्याने बोटांना आणि ओठांभोवती मुंग्या येतात, झोप उडते, नावं आठवेनाशी होतात. धास्तीतून आलेल्या मुंग्या खोट्या नसतात. तुमच्या तळव्यांच्या मुंग्या रात्री वाढतात की रिपोर्टचा विचार आल्यावर वाढतात, हे चार दिवस टिपून ठेवा. डॉक्टरांना त्याचा उपयोग होईल.

बी-12च्या इंजेक्शनांबद्दल जरा थांबून सांगतो, कारण ही चूक घरोघरी होते. रक्तातली पातळी आधी मोजून मग इंजेक्शन द्यायचं असतं. दोन-चार टोचून झाल्यावर तपासलं तर आकडा चढलेलाच येणार, मग कमतरता होती की नव्हती हे कळायचं कसं? तुमची पातळी आधी मोजली असेल तर उत्तम, नसेल तर तसं डॉक्टरांना विचारा. दुसरं, इंजेक्शनाबरोबर 'नसांच्या ताकदीच्या' दोन-तीन वेगवेगळ्या गोळ्या चालू असतील तर त्यांच्या पाकिटावर पायरिडॉक्सिन म्हणजे बी-6 किती मिलिग्रॅम लिहिलंय ते बेरीज करून बघा. दिवसाला 100 मिलिग्रॅमच्या पुढे बी-6 बराच काळ घेतलं तर त्यानेच पायांच्या नसा बिघडतात. औषध म्हणून घेतलेली गोळी आणि आजार यांत फरक करता येईनासा होतो.

एमआरआयला आत्ता पैसे घालू नका. सौम्य डोकेदुखी आणि तळव्यांच्या मुंग्यांत तो बहुधा स्वच्छ येईल, आणि स्वच्छ एमआरआयने एचआयव्ही नाही असं ठरत नाही. तुम्हाला मात्र तसं वाटेल, आणि धोका तिथेच आहे. नसांतून संदेश किती वेगाने जातो ते मोजणारी तपासणीही सुरुवातीला नॉर्मल येऊ शकते. त्यापेक्षा साधी शारीरिक तपासणी मागा: टाचांवर आणि चवड्यांवर चालवून पाहणं, हाताचा आधार न घेता खुर्चीतून उठवणं, डोळे मिटून उभं करणं, गुडघ्या-घोट्यावर हातोडी, पायाच्या अंगठ्यावर कंपनकाटा (ट्यूनिंग फोर्क). दहा मिनिटांचं काम आहे, पण मोज्यांसकट तपासलं तर उपयोग नाही.

आता नेमकं काय करायचं. आज तुमचा पस्तिसावा-छत्तिसावा दिवस असावा. कॅलेंडर काढून त्या रात्रीपासून दिवस मोजा, अंदाजे नको. याच आठवड्यात नसेतून रक्त देऊन चौथ्या पिढीची टेस्ट करा. लॅबमध्ये "एचआयव्ही 1 आणि 2, अँटिजन-अँटिबॉडी, फोर्थ जनरेशन" असं स्पष्ट सांगा, नुसतं "एचआयव्ही" म्हटलं तर परत कार्डच होण्याची शक्यता आहे. ही टेस्ट अँटिबॉडीबरोबर विषाणूचं पी-24 हे प्रथिनही शोधते, म्हणून ती 18 ते 45 दिवसांत पकडते. ताप, पुरळ आणि आता नसांची लक्षणं असल्यामुळे डॉक्टरांना एचआयव्ही-1 आरएनए म्हणजे व्हायरल लोड (रक्तात विषाणू किती आहे ते मोजणारी टेस्ट) याबद्दलही विचारा. ती 10 ते 33 दिवसांतच विषाणू दाखवते. महाग आहे, आणि एकटी वापरू नये: नव्या संसर्गात आकडा सहसा लाखाच्या पुढे असतो, अगदी थोडा आकडा आला तर तो चुकीचा पॉझिटिव्ह असू शकतो, तेव्हा परत तपासावं लागतं. आज दोन्ही निगेटिव्ह आल्या तर तुमच्या मुंग्यांना एचआयव्ही कारण असण्याची शक्यता अगदी थोडी उरते आणि डॉक्टरांनी मोकळ्या मनाने दुसरीकडे शोधावं. चौथ्या पिढीची टेस्ट 45 दिवस पूर्ण झाल्यावर पुन्हा करा, शेवटची 90 दिवसांनी. त्याच वेळी सिफिलिससाठी व्हीडीआरएल आणि टीपीएचए, आणि हिपॅटायटिस बी व सी. सिफिलिस सुरुवातीलाही मेंदूच्या नसांना त्रास देतो आणि त्याच रात्रीतून आलेला असू शकतो. एचआयव्हीच्या धसक्यात तो हमखास विसरला जातो.

एक गोष्ट आता उशिराची आहे, पण वाचणाऱ्या दुसऱ्या कुणासाठी लिहितो: असा प्रसंग घडल्यावर 72 तासांच्या आत 28 दिवसांची प्रतिबंधक गोळी सुरू करता येते. जितक्या लवकर तितकं चांगलं. सरकारी इस्पितळाच्या आपत्कालीन विभागात जाऊन तसं सांगावं लागतं, सकाळची वाट बघायची नाही. ती गोळी घेतलेल्यांनी टेस्टचे दिवस गोळी संपल्यापासून मोजावेत.

कधी थांबायचं नाही तेही लक्षात ठेवा. मुंग्यांबरोबर पायांतली ताकद जाऊ लागली, जिना चढताना मांड्या भरून येऊ लागल्या, पायातली चप्पल निसटलेली कळली नाही, आणि हे एक-दोन दिवसांत वर सरकू लागलं, तर ते गियाँ-बारे असू शकतं. यात श्वासाचे स्नायू अडकतात, म्हणून फिजिओथेरपी किंवा मालिश करत घरी बसू नये. चेहऱ्याची एक किंवा दोन्ही बाजू सैल पडणं, एकाचे दोन दिसणं, मान ताठ होऊन ताप-उलटी, उजेड सहन न होणं, फिट, भलतंच बोलणं, लघवी अडणं: यांपैकी काहीही झालं तर 108 लावा आणि थेट बांबोळीला गोमेकॉच्या (गोवा मेडिकल कॉलेजच्या) कॅज्युअल्टीत जा. तिथे त्या रात्रीची गोष्ट पहिल्या वाक्यात सांगा. पाठीतलं पाणी काढलं तर एरवीच्या गियाँ-बारेत प्रथिनं वाढलेली आणि पेशी मोजक्या असतात. एचआयव्हीतल्या गियाँ-बारेत पेशीही वाढलेल्या दिसतात. डॉक्टरांना संदर्भ माहीत असेल तर ते हा आकडा वाचून योग्य दिशेने जातात, नसेल तर चार दिवस भलत्याच शोधात जातात.

बेळगावबद्दल. तुमची भीती मी हसण्यावारी नेत नाही. गोवा एवढासा, आणि त्यातही आपला तालुका म्हणजे सगळे एकमेकांना ओळखणारे. या भीतीला इतिहासही आहे: 1989 साली गोव्यातल्याच पर्रा गावचा डॉमिनिक डिसोझा हा तरुण, रक्तदानातून पॉझिटिव्ह असल्याचं कळल्यावर, तेव्हाच्या गोव्याच्या कायद्याखाली 64 दिवस कोंडून ठेवला गेला. तो लढला. आज देशाचा 2017 चा एचआयव्ही कायदा आहे. तुमच्या माहितीपूर्ण संमतीशिवाय टेस्ट करता येत नाही, आणि निकाल उघड केला तर तो गुन्हा ठरू शकतो. सरकारी समुपदेशन व तपासणी केंद्रात (लोक 'आयसीटीसी' म्हणतात) टेस्ट फुकट होते. तालुक्याची सक्ती नाही. फोंड्यात नको असेल तर म्हापशाच्या जिल्हा इस्पितळात जा, मडगावला जा, बांबोळीला जा. आधी फोनवर बोलायचं तर 1097 हा फुकट क्रमांक आहे. चौथ्या पिढीच्या टेस्टसाठी खाजगी लॅब लागू शकते, तीही दुसऱ्या गावातली निवडा. बेळगावला जायला हरकत काहीच नाही, पण 36, 45 आणि 90 या तीन दिवशी कामावरून सुटी काढून घाट चढणं जमणार आहे का ते बघा. लांबची लॅब म्हटली की दुसरी टेस्ट राहूनच जाते. आणि फुकट टेस्ट होते म्हणून चतुर्थीच्या आसपासच्या रक्तदान शिबिरात मात्र जाऊ नका. तुम्ही आहात त्याच दिवसांत दिलेलं रक्त तपासणीतून निसटू शकतं.

तुमच्या फॅमिली डॉक्टरांना सांगायचं की नाही? माझं मत: सांगा, किंवा दुसरे डॉक्टर गाठून त्यांना सांगा. अर्धी माहिती असलेला डॉक्टर चांगला असूनही बी-12च टोचत राहणार. लांबलचक कबुली द्यायची गरज नाही. "पाच आठवड्यांपूर्वी असुरक्षित संबंध आला, पंधराव्या दिवशी ताप आणि पुरळ, विसाव्या दिवशी कार्ड टेस्ट निगेटिव्ह, आता मुंग्या," एवढं एका दमात पुरे.

टेस्ट पॉझिटिव्ह आली तर? सरकारी केंद्रात वेगवेगळ्या तीन टेस्टनी ती पक्की करतात. मग बांबोळीचं किंवा मडगावचं एआरटी केंद्र, म्हणजे एचआयव्हीची औषधं देणारं सरकारी केंद्र. आता सीडी-4 खाली यायची वाट बघत नाहीत, औषध लगेच सुरू होतं: टेनोफोव्हिर, लॅमिव्हुडिन आणि डोलुटेग्राव्हिर यांची रोज एक गोळी, फुकट. मेंदू-नसांच्या लक्षणांवर पहिला उपाय हीच गोळी आहे. "त्या औषधांनीच पाय बधिर होतात" असं कुणी सांगेल. ते स्टॅव्हुडिनबद्दल खरं होतं. जागतिक आरोग्य संघटनेने 2009 सालीच ते सोडायला सांगितलं आणि आजच्या गोळीत ते नाही. एक बारीक गोष्ट: तुमच्या त्या ताकदीच्या गोळ्यांत कॅल्शियम, लोह किंवा झिंक असेल तर डोलुटेग्राव्हिर त्यांच्या दोन तास आधी किंवा सहा तास नंतर घ्यायचं, नाहीतर ते पोटातच अडकून पडतं.

राहिली दुसरी सही. आपल्याकडे ती झाली की कायद्याने लग्न झालं, मांडव पुढच्या वर्षी पडला तरी. ती तारीख आणि तुमचा नव्वदावा दिवस यांत मोठं अंतर आहे. माझ्या मते 45 दिवसांचा निकाल हातात आल्याशिवाय सही करू नये, आणि 90 पर्यंत थांबता आलं तर अधिक बरं. तारीख किती पुढे नेता येते ते सिव्हिल रजिस्ट्रारच्या कार्यालयात विचारा, त्यासाठी कारण सांगावं लागेल असं धरून बसू नका. तोवर होणाऱ्या पत्नीशी संबंध नको, किंवा कंडोमशिवाय अजिबात नको, कारण संसर्ग असेल तर हेच आठवडे तो पुढे जाण्याचे सर्वांत जोखमीचे असतात. तिला काय सांगायचं हे निकालावर अवलंबून आहे असं तुम्हाला वाटत असेल. पॉझिटिव्ह आल्यास सहीआधी सांगणं भागच आहे, आणि समुपदेशकासमोर दोघांनी बसून ते सांगता येतं. निगेटिव्ह आल्यास ती रात्र सांगायची की नाही हा तुमच्या दोघांचा प्रश्न. पण तारीख पुढे ढकलण्यासाठी हॉलचा, मुहूर्ताचा किंवा आजोबांच्या तब्येतीचा बहाणा रचू नका. "माझ्या काही तपासण्या चालू आहेत, निकाल आल्यावर मी स्वतः सांगेन" हे वाक्य खरं आहे आणि निकाल काहीही आला तरी नंतर बदलावं लागणार नाही.